पोट वाढलं, मांड्या बारीक झाल्या

इस्लामपूरकडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो आहोत.

"माझ्या यजमानांना, वय ६८, गेल्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. कमरेच्या हाडात थोडा पसरलाय. दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचं इंजेक्शन, रोज सकाळी ॲबिराटेरोनच्या चार गोळ्या आणि दोन वेळा प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम असं चालू आहे. पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची तपासणी) चांगला खाली आला. पण नऊ महिन्यांत वजन ७१ चं ७९ किलो झालं. उंची पाच फूट सहा इंच. पोट सुटलंय, तोंड गोल झालंय, छाती भरल्यासारखी दिसते, आणि हातपाय मात्र काटकुळे. खाली बसले की उठताना हात द्यावा लागतो. येणारा-जाणारा म्हणतो, स्टिरॉइडनं फुगलेत. ते आता ती लहान पांढरी गोळी बंदच करतो म्हणतात. मी भात सोडवला, दुपारी दोन-अडीच भाकरी देते. रात्री हलकं म्हणून वाटीभर खिमट नि पातळ आमटी. तर अकरा वाजता उठून चिवड्याचा डबा काढतात. चहा चार वेळा, साखर दोन चमचे. अंडी चालतात, मटण-मासे रविवारी. सुनेनं वजन उतरवायची एक आयुर्वेदिक पावडर आणलीय. उपाशीपोटी साखर १०४ आली. गोळी बंद केली तर चालेल का? पावडर द्यावी का? आणि वजन उतरवायचं कसं?"

ताई, नमस्कार.

आधी गोळीचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करू देऊ नका, अर्धी करू देऊ नका आणि 'आज राहू दे' म्हणून एक दिवसही टाळू देऊ नका. वजनाच्या भीतीनं ही गोळी सोडली की माणूस उतरत नाही, उलट सुजतो. तसं का होतं ते नीट सांगतो. यजमानांनाही हे वाचून दाखवा, कारण कारण कळलं की माणूस गोळीशी भांडत नाही.

इंजेक्शन वृषणांतून येणारं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्यावर हा कॅन्सर पोसतो ते पुरुषी हॉर्मोन, बंद करतं. थोडं टेस्टोस्टेरॉन मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतूनही येतं, आणि गाठीतल्या पेशी स्वतःसुद्धा बनवतात. तो रस्ता ॲबिराटेरोन अडवतं. अडचण अशी की ते ज्या एन्झाइमला धरतं, तेच एन्झाइम कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवायलाही लागतं. कॉर्टिसोल घटलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला आणखी जोरात हाकते. पुढचा रस्ता बंद, मागून रेटा चालू. मग सगळा कच्चा माल उरलेल्या एकाच वाटेला वळतो, आणि त्या वाटेवर तयार होतात मीठ आणि पाणी धरून ठेवणारे हॉर्मोन. त्यातून रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात, कधी हृदयाचे ठोके बिघडतात. प्रेडनिसोलोन कमी पडलेल्या कॉर्टिसोलची जागा भरून हा रेटा शांत करतं. शिवाय नऊ महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. अशात गोळी अचानक बंद झाली आणि वर ताप किंवा जुलाब झाले, तर चक्कर, उलट्या, रक्तदाब एकदम खाली, अशी जिवावरची वेळ येऊ शकते.

आता गोळीचा दोष किती, हेही खरं सांगायला हवं. निरोगी शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास भरतं. म्हणजे दोन गोळ्यांतली एक गरज भागवते आणि दुसरी थोडी वरची आहे. गोल झालेलं तोंड, रात्रीची अनावर भूक आणि तुटक झोप यांत तिचा वाटा असणार. कॅन्सर अजून इंजेक्शनला दाद देत असेल तर ॲबिराटेरोनबरोबर बहुधा दिवसाला एकच ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. इंजेक्शनला दाद न देणाऱ्या टप्प्यात दोन देतात. यजमानांना दोन का चालू आहेत, एकीवर आणता येईल का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. रक्तदाब, पोटॅशियम आणि आजाराचा टप्पा पाहून ते ठरवतील. दुसरी गोळी रात्री जेवणानंतर घेत असतील तर ती दुपारच्या जेवणानंतर घेता येईल का, तेही विचारा. स्टिरॉइड रात्री उशिरा पोटात गेलं की झोप उडते, आणि जागा माणूस डबे उघडतो.

पण शेजारीपाजारी काहीही म्हणोत, मुख्य कारण ती पांढरी गोळी नाही. टेस्टोस्टेरॉन गेलं हे मुख्य कारण आहे. नुसतं इंजेक्शन घेणाऱ्या, स्टिरॉइडचा कणही न घेणाऱ्या पुरुषांतही पहिल्या वर्षात वजन साधारण २ ते ३ टक्के वाढतं. आकडा लहान वाटतो, पण त्याच्या पोटात काय आहे ते पाहा: चरबी ९-१० टक्क्यांनी वाढते आणि स्नायू जवळपास ३ टक्क्यांनी घटतात. वजनकाटा या दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा दाखवतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ७९ किलोची नाही. 'उठताना हात द्यावा लागतो' ही आहे. पोट वाढलं आणि मांड्या बारीक झाल्या, हा या उपचाराचा खरा परिणाम. म्हणून नुसतं वजन उतरवायला जाऊ नका. उपाशी ठेवून पाच किलो उतरवले तर त्यात आणखी स्नायू जातील, आणि मग खुर्चीतूनही उठवत नाही अशी वेळ येईल. आपल्याला मांड्या परत भरायच्या आहेत आणि पोट हळूहळू आत न्यायचं आहे.

हे करण्याआधी एक खात्री करून घ्या, की वाढलेलं वजन चरबीच आहे, पाणी नाही. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. उचलल्यावर खळगा राहिला तर ते पाणी. दोन्ही पायांवर पाहा, संध्याकाळी पाहा. रोज सकाळी लघवी-शौच झाल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. एका आठवड्यात दोन किलोच्या वर वाढलं तर ती चरबी नसते, एवढी चरबी आठवड्यात चढत नाही. त्याच दिवशी दवाखान्याला फोन करा. उशी उंच केल्याशिवाय झोपता येत नाही, दम लागतो, असं असेल तर थांबूच नका. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका, तेल लावू नका, दवाखाना गाठा.

पाण्यावर उपाय म्हणून कुणी साधा डॉक्टर लघवीची गोळी लिहून देईल. त्यांना ॲबिराटेरोन चालू असल्याचं आवर्जून सांगा. स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी या औषधाबरोबर टाळतात, कारण ती प्रोस्टेटच्या पेशींवरच्या टेस्टोस्टेरॉनच्या कुलपाला किल्लीसारखी लागू शकते. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅकसारखी गोळी आपल्या मनानं देऊ नका. तीही पाणी धरते, आणि प्रेडनिसोलोनबरोबर जठराला जखम करू शकते.

आता सकाळ. बहुतेक घरांत चूक इथेच होते. ॲबिराटेरोनच्या चार गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात: आधी दोन तास काही नाही, नंतर एक तास काही नाही, मध्ये फक्त पाणी. दुधाचा चहा घेतला की पोट रिकामं राहत नाही, दोन बिस्किटं खाल्ली तरी नाही. तेलकट-तुपकट खाण्याबरोबर हे औषध रक्तात दहापटीपर्यंत जास्त शिरू शकतं, आणि मग यकृत, रक्तदाब, पोटॅशियम सगळंच बिघडतं. काही ठिकाणी डॉक्टर २५० मिलिग्रॅमची एकच गोळी हलक्या न्याहारीबरोबर देतात. तो त्यांनी मोजून ठरवलेला वेगळा बेत आहे, चार गोळ्यांना तो लागू नाही. प्रेडनिसोलोनचं नेमकं उलट, ती खाल्ल्यावरच घ्यायची. म्हणून घड्याळ असं लावा: सहाला उठून पेलाभर पाण्याबरोबर चार गोळ्या, सात वाजेपर्यंत तोंडात काही नाही, सव्वासातला न्याहारी, न्याहारी झाल्या झाल्या प्रेडनिसोलोन. मधला तास फिरायला जाण्यासाठी उत्तम, चहाची आठवणही येत नाही.

जेवणाकडे येऊ. तुम्ही भात सोडवलात, पण त्या जागी भाकरी वाढली. वाटीभर भात आणि मध्यम जाडीची एक भाकरी यांत कॅलरींचा फरक थोडाच, भाकरीच थोडी वर भरते. त्यामुळे भात सोडून काही साधलं नाही. खरी गळती दुसरीकडे आहे. चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. रात्रीच्या मूठ-दोन मुठी चिवड्याच्या, साधारण ५० ग्रॅमच्या, अडीचशे. रोज अडीचशे कॅलरी वर गेल्या की महिन्याला सुमारे किलोभर वजन चढतं. तुमचे नऊ महिने आणि आठ किलो याच हिशेबात बसतात. रात्रीचं जेवण कापून तुम्ही जेवढं वाचवलंत, तेवढं चिवड्यानं परत घेतलं, वर मीठही दिलं. त्यांच्यावर रागावू नका. स्टिरॉइडची भूक जिभेचे चोचले नसतात, ती औषधानं पेटवलेली असते. तिला खिमटानं फसवता येत नाही. पोटात टिकेल असंच काही लागतं, आणि ते म्हणजे प्रथिनं.

यजमानांना दिवसाला ८० ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतील. आधीच्या ७१ किलो वजनाला किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम असा हिशेब. मूत्रपिंड ठीक असलं तरच, त्यामुळे ताज्या अहवालातलं क्रिएटिनिन डॉक्टरांना दाखवून हो म्हणून घ्या. आत्ताच्या ताटात याच्या निम्मीच जेमतेम जात असतील. आमटीचं उदाहरण घ्या. पातळ आमटीच्या वरवरच्या वाटीत दोन-तीन ग्रॅम प्रथिनं असतात. त्याच पातेल्यात पळी तळापर्यंत नेऊन ढवळून, घट्ट वाढलेल्या वाटीत सहा-सात. डाळ तीच, गॅस तोच, फक्त पळी कुठवर गेली त्याचा फरक.

दिवस असा बसवता येईल. न्याहारीला दोन अंडी किंवा ५० ग्रॅम मुगाची दोन धिरडी, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम, आणि बिनसाखरेचं पेलाभर दूध, सहा. पोहेच हवे असतील तर वाटीभर, त्यात मोड आलेले मूग घालून, आणि अंडं वेगळं. दुपारी आधी वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ खाऊ द्या, मग दीड भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण, वाटीभर दही. उसळ सात, वरण सात, भाकरी सात, दही पाच. चार-पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे आणि ताक. ही वेळ चुकवू नका, रात्रीच्या भुकेचं बी संध्याकाळी पडतं. रात्री एक भाकरी आणि वाटीभर घट्ट डाळ, आणि सोबत १०० ग्रॅम बांगडा किंवा कोंबडी, वीस ग्रॅम. शाकाहाराच्या दिवशी ७५ ग्रॅम पनीर किंवा २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, तेरा. सोयाच्या वड्यांत स्त्रीचे हॉर्मोन असतात, पुरुषानं खाऊ नयेत, अशी भीती पुष्कळांना असते. एवढ्या सोयानं तसं काही होत नाही. त्यांची छाती भरली ती टेस्टोस्टेरॉन गेल्यामुळे. तिथे एकाच बाजूला कडक गाठ लागली किंवा पाणी आलं तर मात्र दाखवा. झोपताना भूक लागलीच तर अर्धा पेला कोमट दूध. चिवडा घरात करूच नका असं आम्ही म्हणत नाही, पण डबा त्यांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवा, आणि तो ठेवताना त्यांना बोल लावू नका.

एवढं दिल्यावर ताट हलकं राहण्यासाठी तेल आणि साखर आवरायला हवी. घरातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ६०० मिलिलिटर तेल पुरेसं आहे. चौघांचं घर असेल तर अडीच लिटरच्या आत. कढईत पळीनं तेल ओतायची सवय असते. महिनाभर चमच्यानं मोजून घाला. मिठाचा अंदाजही पाकिटावरून घ्या. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणून चौघांच्या घरात एक किलोचं पाकीट पन्नास दिवस पुरलं पाहिजे. महिन्याभरात संपत असेल तर मीठ जास्त होतंय. पापड, लोणचं, सुक्या मासळीचं कालवण, फरसाण यांचं मीठ त्याशिवायचं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते विचारल्याशिवाय वापरू नका. नारळपाण्याचंही तसंच.

उपवासाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण श्रद्धेनं करत असतील तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' होऊ देऊ नका. साबुदाण्याच्या खिचडीत पिठूळपणा आणि तूप भरपूर, शेंगदाण्याचं कूट सोडलं तर प्रथिनं नावालाच. त्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा यांवर भर द्या. प्रेडनिसोलोन उपवासालाही खाऊनच घ्यायची, आणि कडक निर्जळी उपवास या उपचारात नकोच.

मांड्या भरायला नुसती प्रथिनं पुरत नाहीत. टेस्टोस्टेरॉन असताना स्नायूंना वाढीचा हुकूम रक्तातूनच मिळतो. आता तो हुकूम फक्त वजन उचलण्यातून मिळू शकतो. नुसतं चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलं; आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं, एवढं हवंच. पण चालण्यानं मांड्या भरत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, वीस-पंचवीस मिनिटांचा ताकदीचा व्यायाम लागतो. सुरू करण्याआधी हाडांचा स्कॅन घेऊन डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारा: "कमरेच्या ज्या हाडात गाठ आहे त्यावर भार चालेल का, मोडायचा धोका आहे का?" ते हो म्हणेपर्यंत फक्त बसून हातांचे व्यायाम. जमलं तर पहिले दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्या.

परवानगी मिळाली की आधी मोजमाप. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पूर्ण बसता येतं ते मोजा. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषाला बारा वेळा जमायला हवं, त्याच्या खाली म्हणजे पाय कमजोर. पहिल्या दिवशी एकही जमलं नाही तरी तसंच लिहून ठेवा. मग खुर्चीवर दोन घट्ट उश्या ठेवून उंची वाढवा. पाय खांद्याइतके लांब, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, छाती जरा पुढे, श्वास सोडत उठायचं. बसताना धप्पकन नाही, मनात तीन म्हणत सावकाश. स्नायू बसतानाही तेवढाच घडतो. आठ वेळा, दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज बारा जमायला लागले की एक उशी काढा, मग दुसरी, मग हातात पाण्याची लिटरची बाटली धरा, ती एक किलोची असते. बहुतेकांची प्रगती इथेच खुंटते. महिनोन्महिने त्याच उंचीवर तेवढेच वेळा करतात, आणि शरीराला नवीन काही करायचं कारणच उरत नाही.

सोबत भिंतीवर हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो कोपरं मागे नेत ओढणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या. श्वास कुठेही रोखायचा नाही. कंबर पिरगाळणं, पाय ताठ ठेवून पुढे वाकणं, झटके हे टाळा. म्हणून सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन सध्या नको. भरलेली बादली आणि गॅसचं सिलिंडर दुसऱ्या कुणीतरी उचलावं. जेवायला काही महिने टेबल-खुर्ची घ्या. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, कारण या उपचारात हाडंही ठिसूळ होतात. व्यायामानंतर स्नायू दुखणं दोन दिवसांत ओसरतं. हाडात एकाच जागी, रात्री जास्त होणारं दुखणं तसं नसतं, ते दाखवायला हवं. पाठ दुखायला लागून पाय लुळे पडले, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर तासांत हॉस्पिटल. दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

साखरेचं एक निसटतं. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारनंतरची साखर चढवतं आणि पहाटेपर्यंत ती उतरलेली असते. म्हणून उपाशीपोटीची १०४ फसवी असू शकते. तशी तीही शंभराच्या वरच आहे. दुपारच्या जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा, आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करून घ्या. पुढे मधुमेहाची गोळी लागली तर लिहून देणाऱ्याला ॲबिराटेरोनचं नाव सांगा. पायोग्लिटाझोन आणि रिपॅग्लिनाइड या गोळ्यांबरोबर त्यानं साखर फार खाली जाऊ शकते.

पावडर देऊ नका. ॲबिराटेरोन यकृतावर भार टाकतं, म्हणूनच पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि नंतर दर महिन्याला यकृताची तपासणी करतात. कशात काय आहे ते न कळणारी पावडर त्यात पडली आणि तपासणी बिघडली, तर डॉक्टरांना कॅन्सरचं औषधच थांबवावं लागतं. अश्वगंधा, शिलाजीत, गोखरू यांची 'पुरुषी ताकदीची' औषधंही नकोत. जे टेस्टोस्टेरॉन आपण इतक्या खटाटोपानं खाली ठेवलंय ते वाढवण्याच्या नावानंच ती विकली जातात. सुनेनं काळजीपोटी आणलं, तिला दुखवू नका, पण डबा परत जाऊ द्या. भूक मारणारी, आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आता आपल्याकडेही मिळतात. त्यांनी वजन उतरतं, पण स्नायूही जातात, त्यामुळे यजमानांच्या आत्ताच्या मांड्या पाहता आम्ही आधी तीन महिने ताट आणि खुर्ची यांनाच देऊ.

अपेक्षा किती ठेवावी? महिन्याला एक किलो उतरलं तरी पुष्कळ. पहिल्या दोन महिन्यांत काटा हलला नाही तरी घाबरू नका, चरबी जाऊन स्नायू भरत असतील तर तसंच होतं. दर पंधरा दिवसांनी पट्टीनं पोटाचा घेर घ्या: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा धरतात. तीन महिन्यांत तीन-चार सेंटिमीटर घटले आणि खुर्चीवरचे उठणे पाच-सहानं वाढले, तर तुमची दोघांची मेहनत लागू पडली असं समजा. हे आकडे त्यांनाच वहीत लिहू द्या. नऊ महिने दुसऱ्यांनीच त्यांच्या शरीराबद्दल सगळं ठरवलंय.

पुढच्या इंजेक्शनला जाताना ती वही, घरी मोजलेला रक्तदाब आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या. पोटॅशियम, यकृत, क्रिएटिनिन, जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी झाली आहे का ते विचारा, आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदा तरी मागा. हाडं बळकट करणारं झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू करायचं असेल तर त्याआधी दात दाखवून घ्यावे लागतात का, तेही तिथेच विचारून घ्या. आणि त्यांच्या खिशात एक चिठ्ठी कायम ठेवा: 'प्रेडनिसोलोन रोज चालू आहे, अचानक बंद करू नये.' दात काढायचा असो की अपघात होऊन कुठे दाखल करावं लागो, समोरच्या डॉक्टरला ती आधी दिसली पाहिजे. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर ती चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात जा, स्टिरॉइड इंजेक्शननं द्यावं लागतं.